झेलणारी

गुणाबाईला लकवा मारला तो गौरी-गणपतीच्या आदल्या आठवड्यात, आणि त्या दिवसापासून गोदू अर्धी झाली. अंगाने नव्हे. अंगाने ती होती तशीच होती, ताठ कण्याची, काष्टा घट्ट मारून शेताच्या बांधावरून अजूनही सुनेच्या पुढे चालणारी. अर्धी झाली ती गाण्यात.

पनवेलजवळ, नेऱ्याच्या अलीकडच्या त्या सगळ्या पट्ट्यात लग्न म्हटलं की धवला, आणि धवला म्हटलं की गोदू-गुणा, असं तीस-बत्तीस वर्षं चाललं होतं. आगऱ्यांच्या लग्नात बांगड्या भरण्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत प्रत्येक कामाला त्याचं त्याचं गाणं, आणि ते गाणं धवलारणींनी सुरू केल्याशिवाय जुनी माणसं कामाला हात लावत नसत. धवलारणी दोन. एक सांगते, दुसरी झेलते. सांगणारीने ओळ अर्ध्यावर आणून सोडायची, आणि झेलणारीने ती भुईला टेकायच्या आत उचलून पुरी करायची. विहिरीवर एकीने कळशी वर द्यावी आणि दुसरीने ती अलगद कमरेवर घ्यावी, तसं. गोदू सांगायची, गुणा झेलायची. एका तोंडाचा धवला नसतो.

आता गुणाबाईचं उजवं अंग गेलं होतं आणि जीभही. खाटेवर पडून असायची. डोळे मात्र टक्क जागे. आणि तिची नात प्रणाली, जिच्या बारशाला गोदू-गुणांनी पाळणा म्हटला होता, तिचं लग्न वैशाखात ठरलं.

शिमगा झाल्यावर गुणाबाईचा मुलगा कमळाकर याने चार माणसं बोलावून लग्नाच्या तयारीची बोलणी केली. सरकारने जमीन घेतल्यावर मिळालेल्या पैशांत त्याने दुमजली बंगला बांधला होता, आणि बंगल्यासारखंच लग्नही दुमजली व्हावं अशी त्याची हौस होती.

"काकी, तुजा मान मोठा," तो गोदूला म्हणाला. "पन तू एकटी काय सांगशील? डीजेवाल्याकडं पेन ड्राइव्हमदी धवला हाय. पंधरा मिनटं लावू, फोटो काडू, झाला."

"पेन ड्राइव्ह हलद कुटनार काय रं?" गोदूने विचारलं.

माणसं हसली. कमळाकरही हसला, पण जरा खाली बघून.

"बरं, मंग झेलनारी आन," तो म्हणाला. "लग्नाच्या आदी आनलीस तं मांडव तुजा. बांगड्यांपासून पाठवनीपर्यंत आख्खा धवला. धवला चालंल तवर डीजे बंद. नाय आनलीस तं पेन ड्राइव्ह."

गोदू उठली आणि आत खाटेपाशी गेली. गुणाबाईचा डावा हात तिने आपल्या हातात घेतला.

"आयकलंस ना? आख्खा धवला व्हईल. दोन तोंडांनी व्हईल. तुज्या नातीचा हाय."

गुणाबाईने तिची दोन बोटं धरली आणि बराच वेळ सोडली नाहीत.

बोलून तर गेली, पण झेलणारी आणायची कुठून? गोदू आठवडाभर गावं फिरली. शेजारच्या गावच्या आशालताचे दात पडले होते, ओळ तोंडातून वाऱ्यासारखी निसटायची. दुसरी एक होती ती मुलाबरोबर डोंबिवलीला गेली होती. पोरींना पहिली दोन कडवी यायची, पुढे त्या टाळ्या वाजवायच्या. आठव्या दिवशी गोदू ओसरीवर पाय पसरून बसली तेव्हा तिच्या टाचांच्या भेगांत सात गावांची माती होती.

सून हेतल तांदूळ निवडत होती. ती खारघरची, कॉलेज शिकलेली. लग्नानंतर वर्षभर सासूच्या बोलीला हसली होती आणि दुसऱ्या वर्षी तीच बोली फोनवर मैत्रिणींना ऐकवू लागली होती.

"आई, फेसबुकवर टाकू या का?"

"काय?"

"तुमचं गाणं. पेज काढू. लोक बघतील, एकमेकांना पाठवतील. कुठली तरी बाई सापडेलच."

"तितं काय बाया बसल्यात?"

"सगळ्याच बसल्यात आई. तुम्ही सोडून."

ते साल २०१७ होतं. फोनमधलं इंटरनेट स्वस्त झालं होतं आणि गुरं चारायला गेलेला म्हाताराही झाडाखाली व्हिडिओ बघत बसायचा. हेतलने पेज काढलं, त्याला नाव दिलं 'गोदूबायचा धवला'. फोन तांदळाच्या डब्याला टेकवला. गोदू पदर डोक्यावर घेऊन समोर बसली. बत्तीस वर्षं ती मांडवात गायली होती, पण त्या डब्यासमोर ती इकडे-तिकडे बघू लागली.

"कोनाच्या तोंडाकडं बघून सांगू?"

"त्या काळ्या टिकलीकडं बघा."

गोदू त्या टिकलीकडे बघून गायली. दर ओळ अर्ध्यावर सोडली आणि गुणा झेलेल तेवढा वेळ थांबली. हेतलने नंतर बसून त्या थांबलेल्या जागा कापून टाकल्या आणि दाखवलं.

गोदूने एकदाच ऐकलं. "ही मदली जागा कुटं गेली?"

"ती रिकामी होती आई. लोक कंटाळतात, पुढं जातात."

"ती रिकामी नाय. ती गुणाची हाय. परत घाल."

हेतलने तोंड वाकडं केलं, पण घातली. व्हिडिओ त्रेचाळीस जणांनी पाहिला. त्यातली अकरा हेतलच्या माहेरची.

दुसऱ्या वेळी हळदीचं गाणं केलं, ते सत्तर जणांनी पाहिलं. तिसऱ्या वेळी मात्र असं झालं की गोदू ऐन रंगात असताना शेजारचं कोंबडं आत शिरलं आणि फोनसमोर उभं राहून आरवलं. गोदूने ओळ न सोडता, त्याच चालीत, त्या कोंबड्याचा आणि त्याच्या मालकाचा उद्धार केला, आणि तशीच पुढच्या ओळीवर गेली. हेतल हसता हसता फोनवर पडली. तिने ते तसंच टाकलं.

चार दिवसांत दोन लाख लोकांनी ते पाहिलं.

पेजला माणसं चिकटू लागली. पाचशे, दोन हजार, सहा हजार. हेतल सकाळी चहा ठेवायच्या आधी आकडा सांगायची. पनवेलच्या भाजी मार्केटात एका पोराने गोदूला हाक मारली, "ओ कोंबडावाली आजी, एक शिवी द्या ना!" गोदूने दिली. तो खूश होऊन गेला.

"आई, पुढच्या वेळी पण काहीतरी बोला मधेच," हेतल म्हणाली. "मांजर सोडू का?"

"गो, ही मानसं शिव्या आयकाया आयली. माजा धवला कोन आयकतंय?"

"अकरा हजार झाले की आई!"

"मना अकरा हजार नको. त्यातली एक दे."

 लग्नाला महिना उरला होता. व्हिडिओखाली लोक लिहायचे, हेतल वाचून दाखवायची: लय भारी आजी. जुनं ते सोनं. आमच्या आजीची आठवण आली. हात जोडलेली चित्रं, लाल बदामांच्या रांगा. गोदूने विचारलं, यातली कोण झेलते ते कसं कळायचं? हेतल आणखी खाली बोट फिरवत राहिली.

मग गोदूला तिची धवल्याची गुरू आठवली. गुणाबाईची आई. तिने गोदू आणि गुणाला कसं निवडलं होतं? शिकवायच्या आधी तिने कुणाला काही विचारलं नव्हतं, गाऊन दाखव म्हटलं नव्हतं. हळद कुटायला दहा पोरी बसवायची आणि गाता गाता एक ओळ मुद्दाम चुकवायची. आठ पोरींची मुसळं तशीच धपधप चालत राहायची. जिचं मुसळ हवेत थांबेल तिला ती हेरायची. त्या दिवशी दोन मुसळं थांबली होती.

दुसऱ्या दिवशी गोदू डब्यासमोर बसली आणि गायली. उखळाभोवती पाच सवाष्णी असतात, तिने गाण्यात चार बसवल्या. पुढच्या खेपेला मांडवाच्या मेढीला उंबराच्या फांदीऐवजी जांभळाची बांधली. मग नवरदेवाला वेशीवर आणायच्या आधीच पाटावर बसवलं. आणि चौथ्या खेपेला बांगड्या भरायचं गाणं गायलं, त्यात डाव्या हाताची जास्तीची बांगडी उजव्या हातात चढवली. चारही वेळा चेहरा असा, की साक्षात देव्हाऱ्यासमोर बसली आहे.

लय भारी आजी. बदाम. बदाम. हात जोडलेले.

"चार चुका टाकल्या," तिने शेवटी हेतलला सांगितलं. "एकाचं पन मुसल थांबलं नाय."

हेतलच्या हातातलं लाटणं थांबलं. "मुद्दाम? आई, लोक विश्वासाने ऐकतात! कुणी शिकत असेल तर?"

"शिकनारी असंल तं विचारंल. कोनी विचारलं?"

"मला तरी सांगायचं! मी दर व्हिडिओ दहा-दहा वेळा ऐकते कापाकापी करताना. मला वाटलं हेच बरोबर."

"तुजं मुसल तरी कुटं थांबलं?" गोदू म्हणाली.

हे हेतलला लागलं. ती दोन दिवस सासूशी कामापुरतं बोलली. पण पेज बघायचं तिने सोडलं नाही, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती फोन घेऊन धावतच परसात आली. गोदू वाल सोलत होती.

"आई, कुणीतरी चूक काढली!"

गोदूच्या हातून शेंग पडली. "वाच."

हेतलने वाचलं. "अस्सलाम वालेकुम ताई. मी यूम्ना, पनवेलहून. माझी नानी बाजूला बसली आहे, ती सांगते तसं लिहिते. नानी म्हणते, गाणं चांगलं आहे पण बांगडीवालीचं कडवं कुठं गेलं? ते गाळलं तर चुडा अर्धाच भरला. नानी रागावली आहे."

"आनि जास्तीची बांगडी? ती उजव्या हातात चरवली, त्याचं काय लिवलंय?"

हेतलने खाली बोट फिरवलं. "आहे. 'नानी म्हणते बांगडी उजव्या हातात घातली ती म्हातारीची नजर गेली असेल म्हणून माफ, पण कडवं माफ नाही.'"

हेतल हसली. गोदू हसली नाही. तिने पडलेली शेंग उचलली.

"कुठलं कडवं आई? ते पण तुम्ही मुद्दाम गाळलं?"

"नाय गो," गोदू हळू म्हणाली. "ते मी नाय गाललं. ते माज्याकडं नवतंच."

तिला आता सगळं डोळ्यांपुढे येत होतं. बांगड्यांच्या गाण्यात एके ठिकाणी सांगणं-झेलणं उलटं व्हायचं. सांगणारी तिथे दम खायची, पाण्याचा घोट घ्यायची, आणि झेलणारी पुढे होऊन बांगडीवालीला तिचं माहेर विचारायची. बांगडीवालीने टोपलीमागून उत्तर द्यायचं. बत्तीस वर्षं गुणा विचारत होती आणि गोदू पाणी पीत होती. ते कडवं तिच्या कानावरून हजारदा गेलं होतं, तोंडातून एकदाही नाही. तिने पेरलेल्या चुका ती मोजत बसली होती आणि खरी चूक तिच्या नकळत तिच्याच गळ्यात बसली होती.

"बिल्कीस," ती म्हणाली. "बिल्कीस बांगडीवाली. दुसरी कोन असनार? हेतल, पायात चपला घाल."

पनवेलच्या मोहल्ल्यात, मशिदीमागच्या बोळात बिल्कीसचं घर होतं. गोदू एकदा कधीतरी बांगड्यांचा निरोप द्यायला आली होती. दार तेव्हा हिरवं होतं, आता निळं. यूम्नाने दार उघडलं आणि किंचाळली, "नानी! कोंबडावाली!"

"तोंड सांभाळ," आतून आवाज आला. "गोदूबाय आहे ती. बस गोदूबाय. गुडघे मला उठू देत नाहीत, नाहीतर मीच आले असते भांडायला."

बिल्कीस साठीची, गोरी, हातांची बोटं अजून लांब आणि मऊ. आगरी गावांतल्या तीन पिढ्यांच्या नवरींचे हात तिने त्या बोटांनी दाबून, वळवून, बांगडीत घातले होते. सहा वर्षांपूर्वी तिचा मुलगा फहाद कुवेतला लागला आणि त्याने आईची टोपली माळ्यावर ठेवली.

"कडवं का गाळलंस?" तिने पाण्याआधी विचारलं.

"नवतं माज्याकडं. गुणाकडं व्हतं."

"गुणा कशी आहे?"

गोदूने सांगितलं. लकवा, जीभ, कमळाकरची अट, सात गावं, अकरा हजार माणसं. बिल्कीसने मान खाली घालून ऐकलं. यूम्ना चहा घेऊन आली. चहा अर्धा झाल्यावर गोदूने कप ठेवला, आणि काही विचारलं नाही. डोळे मिटून तिने ओळ सोडली,

"मांडवाच्या दारी गो, हलदीचा सडा..."

"...कोन भरतंय नवरीचा हिरवा चुडा," बिल्कीस म्हणाली. म्हणाली आणि दचकली, चालता चालता पाय पाण्यात पडल्यासारखी.

गोदूने दुसरी ओळ सोडली. ती झेलली गेली. तिसरीही. आवाज गुणाइतका भरीव नव्हता, थोडा कापरा होता. पण ओळ भुईला टेकत नव्हती. यूम्नाचं तोंड उघडं राहिलं होतं. हेतलने पर्समधला फोन बाहेर काढला आणि, का कोण जाणे, परत आत ठेवला.

"तू तीस वर्सं झेलतच व्हतीस," गोदू म्हणाली. "एक कडवं तोंडानं, बाकीची मनात. चल."

"वेडी की काय! माझे गुडघे बघ. फहाद काय म्हणेल?"

"मामूला मी सांगते," यूम्ना मधेच म्हणाली. "मामूने तर तो कोंबड्याचा व्हिडिओ सगळ्या कुवेतला पाठवलाय."

"तू गप." बिल्कीस गोदूकडे वळली. आता ती हसत नव्हती. "गोदूबाय, तुला ठाऊक आहे. धवल्यात देव येतात. माझ्या तोंडी ती नावं येणार नाहीत, आणि मांडवात बसून उगीच ओठ हलवायची लबाडी मी करणार नाही. ना तुझ्या देवाशी, ना माझ्या अल्लाशी."

गोदूने थोडा विचार केला. थोडाच.

"देवांना मी एकटी बोलावतंय. ते एका हाकेनं येतात. मानसांना दोन हाका लागतात. मानसं तू झेल. धवल्यात मानसंच जास्त हायत."

बिल्कीसने यूम्नाला खूण केली. "माळ्यावरची टोपली काढ. पुसून घे."

कमळाकर अंगणात मांडववाल्याशी बोलत होता तेव्हा रिक्षा दारात थांबली. गोदू उतरली, मग हेतलच्या खांद्यावर हात ठेवून बिल्कीस.

"बिल्कीस खाला? बांगड्यांना अजून आठ दिस हायत ना?"

"बांगड्या भरंल, धवला पन झेलंल," गोदू म्हणाली.

कमळाकरने मांडववाल्याकडे पाहिलं, मग गोदूला बाजूला घेतलं. "काकी, खाला आपलीच हाय, तसा नाय. पन लोक काय बोलतील? धवला झेलाया..."

"तू झेलनारी आन बोललास. जात बोलला नवतास."

"आवो पन..."

"मना विचारू नको. तुज्या आयेला विचार. धवला तिचा हाय."

आत गुणाबाई खाटेवर उशीला टेकून बसली होती. बिल्कीसला बघून तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं, उजवा तसाच कोरडा राहिला. बिल्कीस खाटेशेजारी बसली, गोदू पायथ्याशी. कमळाकर दाराच्या चौकटीत उभा.

गोदूने बांगड्यांचं गाणं सुरू केलं. बिल्कीसने झेललं. तिसऱ्या ओळीला गुणाबाईचा डावा हात हलला आणि खाटेच्या दांडीवर बोट वाजू लागलं, टक, टक, जिथे ओळ सुटते तिथे आणि जिथे झेलली जाते तिथे. हेतल ते बोट बघत होती. तिने कापून टाकलेल्या आणि परत घातलेल्या जागा त्याच होत्या, तंतोतंत.

मग ती जागा आली. गोदूने दम घेतला आणि गप्प झाली. बिल्कीसही गप्प झाली, कारण इथे विचारायचं गुणाने होतं. गुणाबाईचं बोट दांडीवर थांबलं. ती बिल्कीसकडे बघत राहिली. ओठाचा डावा कोपरा हलला, घशातून काहीतरी आलं. शब्द नव्हता तो, पण त्याला चाल होती.

बिल्कीसने न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलं,

"माजं माहेर बाय गो, उरनच्या खारीचं,
मिठाच्या वाऱ्याचं, भरतीच्या दारीचं.
त्या वाऱ्याची सावली तुज्या नवरीला देते,
एक कांकन जादा तिच्या डाव्या हाती देते."

जादा कांकण मोजल्यासारखी गुणाबाईने तर्जनी वर केली. एक. मग तेच बोट मुलाकडे वळवलं आणि होकाराची मान हलवली.

कमळाकर वळून अंगणात गेला, आणि थोड्या वेळाने त्याचा फोनवरचा आवाज आत आला, "हा, पेन ड्राइव्ह राहू दे. हलदीच्या राती ये, जेवनाच्या टायमाला. त्याच्या आदी नको."

वैशाखात, लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवात गुणाबाईची खाट मधोमध आणून ठेवली. फेसबुकवर बघून आलेली माणसं बरीच होती. उरणच्या दोन बायका, तळोज्याचं एक जोडपं, कामोठ्याहून आलेल्या कॉलेजच्या पोरी. सगळ्यांना कोंबडं कुठलं ते बघायचं होतं. गोदूने त्यांना ओळीने बसवलं आणि बजावलं, "फोटो काडा, पन तोंड बंद. ज्याला झेलता येतं त्यानंच उगडायचं."

देवांची बोलावणी तिने एकटीने केली. त्या वेळी बिल्कीस टोपलीपाशी बसून बांगड्या निवडत होती. मग चुडा भरायला बसली आणि माणसांची गाणी सुरू झाली तेव्हा तिने पहिली ओळ झेलली. मागून कुणीतरी कुजबुजलं. गोदूने गाता गाता तिकडे एक नजर टाकली आणि कुजबूज बसली. प्रणालीच्या हातात हिरव्या बांगड्या एकेक करून चढल्या. जास्तीची डाव्या हातात. तिच्या आजीने ती बोटाने मोजली.

दुपार उतरली. उखळ मांडलं, मुसळाला हळकुंड बांधलं. पाच सवाष्णी पुढे झाल्या. हेतल त्यांच्यात नव्हती; ती खाटेमागे स्टुलावर उभी राहून फोन धरून होती. पेजवर हे सगळं थेट दिसत होतं आणि बारा हजारांच्या वर माणसं चिकटलेली होती. आकडा बघायला तिला वेळच नव्हता. गोदू सांगत होती, बिल्कीस झेलत होती, मुसळं पडत होती.

"पयली मूठ हलदीची गो देवाच्या नावाची..." गोदूने सोडली. देवाची ओळ होती, म्हणून तिने स्वतःच पुरी केली. मग पुढची घेतली,

"दुसरी मूठ हलदीची गो सासरच्या गावाची..."

बिल्कीसने तोंड उघडलं आणि मिटलं. तिने गोदूकडे पाहिलं. गोदूचा चेहरा देव्हाऱ्यासमोर बसल्यासारखा होता. बिल्कीसला कळलं, तिने पदराआड हसू लपवलं आणि ओळ झेलली नाही. ओळ मांडवात अर्धी लोंबत राहिली. मुसळं पडत होती. धप. धप. धप. धप. धप.

"माहेरच्या!" स्टुलावरून आवाज आला. "आई, दुसरी मूठ माहेरच्या गावाची! सासरची तिसरी! पुन्हा काय हे!"

फोन हलला. थेट बघणाऱ्या माणसांना क्षणभर मांडवाचं छत दिसलं, आंब्याची तोरणं दिसली, मग हेतलचा अंगठा. पाचही मुसळं हवेत थांबली आणि सगळ्या बायका वळून तिच्याकडे बघू लागल्या. हेतल लाल झाली. खाटेच्या दांडीवर गुणाबाईचं बोट एकदा वाजलं.

गोदूने सुनेकडे वळून पाहिलं नाही. पदर सारखा केला, बिल्कीसला डोळ्यांनी थांब म्हटलं, आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून घेतली. या वेळी जरा सावकाश, नव्या माणसाला झेलता येईल इतकी.